कुत्र्यांचं काय करायचं? मुंबई ते जगतपुरा, दोनशे वर्षांचा एक प्रश्न

आजचा भाग मी जयपूरला, आमच्या जगतपुऱ्यातल्या घरातूनच रेकॉर्ड करतोय. मध्येच कुत्री भुंकताना ऐकू आली तर माइकला दोष देऊ नका. आज विषयच त्यांचा आहे.

आधी हा विषय का निवडला ते सांगतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या सोसायटीच्या वॉचमनच्या मुलाला कुत्री चावली. मुलगा आठ वर्षांचा. पार्किंगच्या मागे विटांचा ढीग आहे, तिथे चेंडू गेला म्हणून हा आत शिरला, आणि पिल्लं घातलेली एक मादी त्याच्या पोटरीला लागली. आरडाओरडा ऐकून मी खाली गेलो, तर कुणीतरी जखमेवर लाल तिखट लावायला निघालं होतं. तिखटाने विष उतरतं म्हणे. मी ते थांबवलं, मुलाला नळाखाली बसवलं आणि साबणाने पाय धुवायला लावला. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मग त्याला घेऊन दवाखान्यात गेलो.

दोन दिवसांनी सोसायटीची मीटिंग झाली. शेजारचे शर्माभाईसाहब म्हणाले, "सगळी उचलून दूर कुठेतरी सोडून या. गाडीचे पैसे मी देतो." आमच्या आवारात आणि समोरच्या गल्लीत मिळून नऊ कुत्री होती. हात वर करून मत द्यायचं होतं. खरं सांगतो, माझा हात अर्धा वर गेला होता. त्या पोराची रक्ताळलेली पोटरी डोळ्यांसमोर होती. पण मी म्हटलं, "भाईसाहब, मला आठवडाभर द्या. हा प्रश्न आपल्याआधी कुणाला पडला होता, त्यांनी काय केलं आणि पुढे काय झालं, तेवढं पाहून येतो." इतिहास शिकवणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार? त्या आठवड्यात जे हाती लागलं ते आज तुमच्यासमोर मांडतो.

सुरुवात मुंबईपासून. १८१३ च्या पोलीस नियमांत मालक नसलेली कुत्री मारायची मुभा होती, पण वर्षातल्या ठरावीक दिवसांतच. १८३२ साली उन्हाळ्यातली ती मुदत लांबवून १५ जूनपर्यंत नेली. एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं. आठ आणे त्या काळी मोठी रक्कम. मग व्हायचं तेच झालं. भटकी कुत्री पकडायला कष्ट पडतात, दारात बसलेलं पाळीव कुत्रं सहज हाती लागतं. लोकांच्या घरची कुत्री उचलली जाऊ लागली.

६ जून १८३२ हा पारशी समाजाचा पवित्र दिवस होता. पारशी धर्मात कुत्र्याला मोठं स्थान आहे. माणूस वारला की त्याचा देह कुत्र्याला दाखवतात, त्या विधीला 'सग्दीद' म्हणतात. त्याच दिवशी किल्ल्याच्या भागात, म्हणजे आजच्या फोर्टात, कुत्री मारायला शिपाई फिरत होते. जमाव चिडला, शिपायांना मार बसला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद झाली आणि लष्कराच्या तुकड्यांना जाणारा अन्नपाण्याचा पुरवठा अडवला गेला. पारशांबरोबर हिंदू आणि जैनही त्यात उतरले. शेवटी सैन्य बोलवावं लागलं, धरपकड झाली. मुंबईच्या इतिहासात ही 'कुत्र्यांची दंगल' म्हणून ओळखली जाते. पुढे जमशेटजी जीजीभाईंसारख्या शेठ लोकांनी मध्यस्थी केली आणि हुकूम मऊ झाला. कुत्री मारण्याऐवजी ती शहराबाहेर न्यावीत असं ठरलं.

म्हणजे पाहा मंडळी, आमचे शर्माभाईसाहब जे २०२४ च्या हिवाळ्यात सुचवत होते, ते मुंबईत १८३२ सालीच ठरलं होतं.

या दंगलीतून एक चांगली गोष्टही निघाली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभी राहिली. भुलेश्वरला गेलात तर आजही ते नाव भेटतं. नंतर १८८३ साली दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचं इस्पितळ झालं, बाई साकरबाईंच्या नावाचं. १८८६ मध्ये तिथेच पशुवैद्यकीय कॉलेज सुरू झालं. पण रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न काही सुटला नाही. बाहेर नेलेल्यांच्या जागी दुसरी आली. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत मुंबईसह देशातल्या मोठ्या शहरांनी पुन्हा मारण्याचाच मार्ग धरला.

आता लोक इतके घाबरत का होते, तेही समजून घ्यायला हवं. ती भीती खोटी नव्हती. पिसाळलेल्या कुत्र्याचा आजार आपल्याकडे फार जुन्या काळापासून माहीत आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात त्याचं वर्णन येतं. त्यात 'जलत्रास' म्हणजे पाण्याची भीती हे लक्षण दिलंय, आणि ते दिसलं की रोगी वाचत नाही हेही सांगितलंय. आजचं वैद्यकशास्त्र याहून फार वेगळं सांगत नाही. रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत शिरतो, मज्जातंतूंवरून हळूहळू मेंदूकडे सरकतो. बहुधा एक ते तीन महिने लागतात. लक्षणं दिसेपर्यंत वेळ असतो, दिसल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही. जखम पंधरा मिनिटं धुवायची ती यासाठी. साबण विषाणूचं आवरण मोडतो. तिखट, चुना, हळद यांनी जखम आणखी चिघळते आणि मोलाचा वेळ जातो.

या आजारावर इलाज सापडला तो पॅरिसमध्ये. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चरने जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली आणि तो मुलगा जगला. आपल्या देशात १९०० साली कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली. तिथे डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. तीच ती पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं. आपल्या आई-वडिलांच्या पिढीने त्यांची दहशत अनुभवली आहे. परळच्या हाफकिन संस्थेतही वर्षानुवर्षं ही लस बनत असे. २००५ पर्यंत ती भारतात बंद झाली. आता दंडात घ्यायची सुरक्षित लस मिळते. आमच्या वॉचमनच्या मुलाला ०, ३, ७ आणि २८ या दिवशी ती टोचली. रक्त निघालेली जखम होती म्हणून पहिल्या दिवशी जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही दिलं. लस काम करू लागेपर्यंत तेच पोराचं रक्षण करतं. ही दुसरी सुई द्यायची राहून जाते, म्हणून आपण स्वतः विचारायचं, लाजायचं नाही.

म्हणजे माणसाला वाचवण्याची सोय झाली. पण कुत्रा चावल्यावर धावण्यापेक्षा कुत्र्यात रेबीज होऊच नये, असं काही करता येईल का? इथून आमच्या जयपूरची गोष्ट सुरू होते. मंडळी, मी इथे राहतो, पण मला ती ठाऊक नव्हती.

क्रिस्टल रॉजर्स नावाच्या एक इंग्रज बाई होत्या. आधी दिल्लीत त्यांनी जनावरांसाठी काम केलं. मग जयपूरला आल्या आणि १९८० मध्ये 'हेल्प इन सफरिंग' ही संस्था काढली. दुर्गापुऱ्यात महाराणी फार्मजवळ ती आजही आहे, आमच्या जगतपुऱ्यापासून शहराच्या त्याच दक्षिण अंगाला. बाई पुढे बंगळूरला गेल्या, तिथेही संस्था उभी केली आणि १९९६ मध्ये वारल्या. जयपूरचं काम ऑस्ट्रेलियातून आलेल्या क्रिस्टीन टाउनएंड यांनी पुढे नेलं.

या संस्थेने नोव्हेंबर १९९४ मध्ये एक काम हाती घेतलं. गल्लीतली कुत्री न दुखवता पकडायची, दवाखान्यात आणायची, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, ओळखीसाठी कानावर खूण करायची, आणि बरी झाली की जिथून उचलली नेमकं त्याच जागी सोडायची. कल्पना अगदी नवी नव्हती. चेन्नईच्या ब्लू क्रॉसने १९६४ मध्येच ती मांडली होती, तिथल्या महापालिकेने ती १९९६ मध्ये स्वीकारली. जयपूरने त्यात हिशोब घातला. दरवर्षी ठरलेल्या रस्त्यांवर फिरून कुत्री मोजायची: किती नर, किती माद्या, किती जणींच्या कानावर खूण, किती पिल्लं. दुसऱ्या बाजूने शहराच्या मुख्य सरकारी रुग्णालयातून रेबीजच्या रुग्णांचे आकडे आणायचे.

डॉ. जॅक रीस आणि डॉ. सुनील चावला या दोन पशुवैद्यांनी हा सगळा हिशोब २००६ मध्ये एका ब्रिटिश पशुवैद्यकीय नियतकालिकात छापला. नोव्हेंबर १९९४ ते डिसेंबर २००२ या आठ वर्षांत २४,९८६ कुत्र्यांवर काम झालं. जिथे काम चाललं त्या भागातल्या ६५ टक्के माद्यांची नसबंदी आणि लसीकरण झालं. कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली. आणि माणसांमधला रेबीज त्या भागात शून्यावर आला. शून्य! जिथे हे काम नव्हतं तिथे मात्र तो वाढला होता.

हा आकडा वाचला तेव्हा मी खुर्चीवरून उठून गॅलरीत गेलो. आमच्या गल्लीतली कुत्री खाली उन्हात पसरली होती. मी पहिल्यांदाच त्यांचे कान पाहिले. नऊपैकी सहांच्या कानाचं टोक कातरलेलं होतं. इतकी वर्षं मला वाटे, भांडणात फाटला असेल. ती कुणीतरी केलेली नोंद होती. पोराला चावलेल्या मादीचे दोन्ही कान मात्र अख्खे होते.

आता 'सोडून या' यात चूक काय, ते सांगतो. १९९२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या रेबीज तज्ज्ञ समितीने स्पष्ट म्हटलं की कुत्री नुसती हटवल्याने त्यांची संख्या किंवा रेबीजचा प्रसार लक्षात येण्याइतका कमी झाल्याचा पुरावा कुठेच नाही. कारण साधं आहे. गल्लीत कुत्री किती, हे तिथल्या उकिरड्यावर आणि शिळ्या पोळ्यांवर ठरतं. आपण नऊ नेली, पण कचऱ्याची पेटी तिथेच राहिली. शेजारच्या वस्तीतली येणार. ती अनोळखी, बिनलसीची, आपसात भांडणारी, आणि त्यांच्यातल्या माद्या लगेच विणार. ज्या सहा कुत्र्यांना लस टोचली होती ती आपल्या आणि आजाराच्या मध्ये उभी होती. ती भिंत आपणच पाडणार होतो. रेबीजची साखळी तुटायला सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस हवी, असं मानतात. नऊपैकी सहा म्हणजे आम्ही त्या आकड्याच्या उंबरठ्यावर होतो. आणखी एक-दोन कुत्र्यांना लस टोचली की पलीकडे.

चावण्याचंही तसंच. आपल्याकडे भाद्रपदातल्या कुत्र्यांची म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. रीस आणि चावला यांनी जयपुरात मोजून पाहिलं, तर खरंच गल्लीतल्या कुत्र्यांचा माज ऋतूला बांधलेला निघाला. पावसाळा सरताना माज, त्यानंतर नऊ आठवड्यांनी, म्हणजे थंडीच्या तोंडाशी, पिल्लं. आणि पिल्लं जवळ असताना आई अंगावर येते, म्हणून चावण्याच्या घटना त्या पाठोपाठ वाढतात. नसबंदी झाली की पिल्लं नाहीत, पिल्लं नाहीत तर राखण नाही. जयपुरात नसबंदीच्या काळात चावण्याचे प्रकारही कमी झाले, हे त्यांनी २०१३ मध्ये दुसऱ्या लेखात दाखवलं. आमच्या पोराचा अपघात हिवाळ्यात, पिल्लांच्या आईकडून, कान न कातरलेल्या मादीकडून झाला होता. सगळं जसंच्या तसं जुळत होतं.

आपल्या जवळचं आणखी एक उदाहरण द्यायचं तर गोव्याचं. तिथे सरकार आणि 'मिशन रेबीज' या संस्थेने घरोघर, वाड्यावाड्यांतून दरवर्षी कुत्र्यांना लस टोचली, शाळाशाळांतून मुलांना शिकवलं. २०२१ मध्ये गोवा नियंत्रित रेबीज क्षेत्र म्हणून जाहीर झालं. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश भारतात होतात असं मानतात. त्याच देशातलं हे राज्य आहे.

कायदाही याच वाटेने आला. २००१ मध्ये केंद्राने नियम केले की नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं मूळ जागी सोडावं. २०२३ च्या नव्या नियमांत अशा कुत्र्यांना 'सामुदायिक प्राणी' म्हटलंय. त्यांच्या खाण्याची जागा ठरवण्याची जबाबदारी रहिवासी संघटनेवर टाकलीय, आणि ती जागा जिन्यापासून, प्रवेशद्वारापासून आणि मुलांच्या खेळण्यापासून लांब हवी असंही सांगितलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हा वाद देशभर गाजला. आधी दिल्लीतली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश आला. काही दिवसांतच मोठ्या पीठाने तो बदलला. लस आणि नसबंदी झालेली कुत्री मूळ जागी परत, पिसाळलेली किंवा आक्रमक कुत्री मात्र नाही, असं ठरलं. म्हणजे १८३२ चा वाद अजून चालूच आहे.

दुसरी बाजूही ऐका. जयपूरच्या त्या हिशोबात आठ वर्षांत घट २८ टक्के होती. म्हणजे शंभरातली बहात्तर कुत्री तिथेच होती. ज्याच्या पोराला आज चावलं त्याला आठ वर्षांचा आलेख दाखवून समाधान होत नाही, आणि व्हावं अशी अपेक्षाही करू नये. दुसरं, हे काम एकदा करून संपत नाही. जगतपुरा पाहा. काही दशकांपूर्वी इथे शेतं होती. आता टॉवर, कॉलेजं, आणि जिकडे तिकडे बांधकाम. बांधकामाबरोबर मजूर येतात, त्यांच्यामागे कुत्री येतात, काम संपलं की मजूर जातात, कुत्री राहतात. शहर वाढतं तसा कान न कातरलेल्या कुत्र्यांचा कडा वाढत जातो. शहराच्या मध्यात मिळवलेलं या कड्यावर गळून जाऊ शकतं.

आठवड्याने पुन्हा मीटिंग झाली. मी हेच सगळं सांगितलं, याच्या निम्म्या वेळात. शर्माभाईसाहब सगळं ऐकून म्हणाले, "मास्टरजी, ते सगळं ठीक. पण पुन्हा चावलं तर?" प्रश्न योग्य होता. मी म्हटलं, "तर पोराला लस देऊ. आणि ज्या कुत्रीचा कान अख्खा आहे तिला पुढच्या भाद्रपदाआधी दवाखान्यात नेऊ."

मग काही गोष्टी ठरल्या. गाडीचे पैसे देणार होते ते भाईसाहबांनीच नसबंदीच्या गाडीला दिले. पिल्लं दूध तोडेपर्यंत त्या विटांच्या ढिगाला दोरी बांधून पाटी लावली. खाणं घालायची जागा मागच्या भिंतीशी नेली, कचऱ्याच्या पेटीला झाकण बसवलं. एक वही केली. प्रत्येक कुत्र्याचा रंग, कानावर खूण आहे की नाही, लस कधी टोचली. ज्यांच्या घरी पाळीव कुत्री आहेत त्यांचीही नावं त्याच वहीत घातली. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तसा दरवर्षी डोस. पट्टा गळ्यात असला म्हणजे लस झाली असं होत नाही. आमच्याच तीन घरांतल्या कुत्र्यांची तारीख उलटून गेली होती, हे वही केल्यावर कळलं.

ती मादी आता इथेच असते. डाव्या कानाचं टोक कातरलेलं आहे. वॉचमनचा मुलगा अजून तिच्यापासून चार हात लांबून जातो, आणि मी त्याला 'घाबरू नको' असं म्हणत नाही. विटांच्या ढिगाशी मात्र या हिवाळ्यात कुणी व्यायलं नाही.

तुम्ही जिथे असाल तिथे, पुणे, नागपूर, बेळगाव, कुठेही, उद्या सकाळी दूध आणायला जाल तेव्हा एवढंच करा. तुमच्या गल्लीतल्या कुत्र्यांचे कान पाहा आणि मोजा. किती कातरलेले, किती अख्खे. तो आकडा आम्हाला कळवा, पुढच्या भागाच्या सुरुवातीला आपण त्यावर बोलू. पुढचा भाग भुलेश्वरच्या पांजरपोळीवर. तोवर नमस्कार.